धुळीचा हिशेब : खाणकामगारांच्या फुप्फुसरोगाचे अर्थकारण

कोळशाच्या धुळीने खाणकामगारांना जडणाऱ्या फुप्फुसरोगाचा इतिहास प्रायः वैद्यकाच्या अंगाने लिहिला जातो. परंतु रोग टाळण्याचे उपाय आणि त्यांचा प्रत्यक्ष अवलंब यांमध्ये जे दीर्घ अंतर पडले, त्याची मीमांसा केवळ वैद्यकाने होत नाही. पाण्याचे फवारे, थरात छिद्रे पाडून पाणी भरणे, खेळती हवा या उपायांत गूढ असे काहीच नव्हते. त्यांचा खर्च कोणाच्या खाती मांडावयाचा, हाच खरा वादविषय होता. आणि तो बऱ्याच अंशी रोगाच्या नावाशी निगडित होता.

ब्रिटनमध्ये १९२८ च्या योजनेने कोळसा-कामगारास 'सिलिकोसिस'ची नुकसानभरपाई देऊ केली; मात्र त्याने निदान ५० टक्के सिलिका असलेला खडक फोडलेला असला पाहिजे, अशी अट होती. १९३४ मध्ये ही अट सैल झाली, तरी निदान 'सिलिकोसिस'चेच लागे. साहजिकच दक्षिण वेल्समध्ये केवळ कोळसा फोडून दम लागलेला कामगार रोगी असूनही कायद्याच्या दृष्टीने रोगी ठरत नसे. त्याच्या आजाराचा खर्च त्याचे घर सोशी. त्या दशकात वेल्सच्या दऱ्यांत बेकारी अपार होती. एक कामगार खंगला, तर त्याच्या जागी दुसरा विनासायास मिळे. अशा स्थितीत धूळ दाबण्यावरील प्रत्येक पेनी मालकाला व्यर्थ वाटावी, यात नवल नाही.

१९३७ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने दक्षिण वेल्समध्ये पाहणी सुरू केली. हार्ट व ॲस्लेट यांच्या या कामाचे अहवाल १९४२ पासून प्रसिद्ध झाले. त्यांतून 'कोळसा-कामगारांचा न्यूमोकोनिओसिस' ही व्यापक संज्ञा पुढे आली. ग्रीक भाषेत 'न्यूमॉन' म्हणजे फुप्फुस व 'कोनिस' म्हणजे धूळ. या नावात खडकाची अट नव्हती. १९४३ च्या भरपाई योजनेने ही संज्ञा स्वीकारली आणि आजवर घरोघर विखुरलेला खर्च प्रथमच उद्योगाच्या हिशेबात आला. युद्धामुळे कामगारांची चणचणही होतीच. धूळ दाबण्याच्या उपायांना वेग आला तो याच काळात.

या योजनेतही एक वैगुण्य होते. रोगाचे प्रमाणपत्र मिळालेल्या कामगारास खाण सोडावी लागे, आणि ऱ्होंडासारख्या दरीत दुसरा धंदा नव्हता. भरपाई मिळाली, पण रोजी गेली. हे बंधन १९४८ पासून सैल झाले. दरम्यान १९४७ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९५३ पासून राष्ट्रीय कोळसा मंडळाने २५ खाणींत धूळ व रोग यांच्या परिमाणांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला.

या ब्रिटिश संशोधनाचा आधार अमेरिकेलाही मिळाला. १९६८ मध्ये फार्मिंग्टन येथील स्फोटात ७८ कामगार ठार झाले. पुढील वर्षी वेस्ट व्हर्जिनियातील खाणकामगारांनी संप केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये नवा कायदा झाला. धुळीची मर्यादा प्रथम दर घनमीटरला ३ मिलिग्रॅम व १९७२ च्या अखेरीस २ मिलिग्रॅम ठरली. ज्यांचा जबाबदार मालक सापडत नाही अशा रोग्यांसाठी १९७८ मध्ये निधी उभारून भूमिगत खाणीच्या कोळशावर टनामागे ५० सेंट कर बसविण्यात आला.

येथे अर्थशास्त्रीय दृष्ट्या एक मर्मस्थान आहे. हा कर टनावर होता, धुळीवर नव्हता. हवा स्वच्छ राखणारी खाण आणि धुळीने भरलेली खाण यांचा कर सारखाच. शिवाय रोग प्रकट होण्यास वर्षानुवर्षे लागतात. तोवर कंपनी दिवाळखोरीत निघाली, तर तिचा बोजा निधीवर पडतो. धुळीचे नमुने घेण्याचे कामही बहुतांशी खाणचालकांकडेच राहिले. रोग शतकाच्या अखेरपर्यंत घटला व पुन्हा वाढला. नैर्ऋत्य व्हर्जिनियातील तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या अवधीत रोगाच्या अतिप्रगत अवस्थेतील ४१६ रुग्ण आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जाड थर संपल्याने पातळ थरांसोबत खडकही कापावा लागतो आणि त्यातील सिलिका हे या वाढीचे एक प्रमुख कारण मानले जाते.

ज्या खडकाच्या अटीने वेल्समधील कामगारास भरपाई नाकारली, तोच खडक अमेरिकेत पुन्हा हिशेबात आला. भरपाईने रोगाची किंमत मान्य होते. ती रोग टाळीलच असे नाही. तिचा भार धूळ उडविणाऱ्यावर, धूळ उडते त्याच वेळी पडला, तरच पाण्याचा फवारा स्वस्त ठरतो.