एका दिवसाची विमान-सहल



ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर कोपरखैरणें नांवाचें उपनगर आहे. आज तेथें सिडकोनें आंखलेल्या रस्त्यांवर इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. १९७० पूर्वीं त्या परिसरांत आगरी-कोळी लोकांचीं गांवें, भाताचीं खाचरें आणि खाडीकांठचीं तिवरें होतीं. जुहूच्या विमानतळावरून पुण्याकडे सरळ रेघ ओढली, तर ती या वस्तीच्या थोड्या दक्षिणेकडून खाडी ओलांडते. १९२८ नंतरच्या दशकांत जीं लहान विमानें जुहूहून पुण्याकडे निघत, त्यांतील वैमानिकांस डाव्या हातास हींच खाचरें दिसत असलीं पाहिजेत. अशा विमानांतून केवळ हौसेखातर सकाळीं निघावें, कोठें तरी उतरून दुपार घालवावी आणि दिवस मावळण्यापूर्वीं घरीं परतावें, ही सहल आपल्याकडे कशी सुरू झाली आणि तिचें ठिकाण कसें निवडतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हौशी उड्डाणाचा आरंभ आपल्याकडे १९२८ सालचा. त्या वर्षीं मुंबईस फ्लाइंग क्लब स्थापन झाला आणि जुहूचें मैदान विमानांकरितां उपयोगांत आलें. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. त्या काळचें हौशी माणसाचें विमान म्हणजे डी हॅविलँड कंपनीचें ‘मॉथ’. लांकडाचा सांगाडा, त्यावर कापड, एकापुढें एक अशा दोन उघड्या बैठका, आणि घडी घालून लहानशा आडोशाला ठेवतां येतील असे पंख. वेग ताशीं ८० ते ८५ मैल. एकदां टाक्या भरल्या म्हणजे सुमारें ३०० मैल जातां येई.

एवढ्या माहितीवरून सहलीचें वर्तुळ आंखतां येतें. पुणें हवेंतून पाऊणशें मैलांच्या आसपास. म्हणजे जाण्यास तासभर. नाशिक त्याहून किंचित् दूर. कोल्हापूर सुमारें १९० मैल. जाऊन-येऊन पांच तास उघड्या वाऱ्यांत बसावें लागे आणि तेथें पेट्रोल न मिळाल्यास परतणें अशक्य होई. गोवें अडीचशें मैलांच्या पलीकडे. तेथें जावयाचें तर रात्रीचा मुक्काम घडणारच. म्हणून दिवसाच्या सहलीस पुणें हेंच स्वाभाविक ठिकाण.

येथें एक शंका श्रोत्यांच्या मनांत येईल. १ जून १९३० पासून ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली आणि मुंबई-पुणें प्रवास पावणेतीन तासांवर आला. शहरांतून जुहूपर्यंत जाणें, विमान बाहेर काढणें, इंजिन तपासणें, पुण्यास उतरल्यावर पुन्हां गांवांत जाणें, हें सारें जमेस धरलें तर विमानानें वेळ फारसा वांचत नसे. मग जाणारा कशासाठीं जाई? आगगाडींतून बोरघाट तुकड्यातुकड्यांनीं दिसतो: एक बोगदा, एक दरी, पुन्हां बोगदा. विमानांतून कोंकण आणि देश यांच्यामधली ती भिंत एका दृष्टिक्षेपांत दिसते. खाडी, पनवेलची सपाटी, मग एकाएकीं उभे राहिलेले कडे, आणि त्यांच्या माथ्यावर पसरलेलें पठार. शाळेंत नकाशावर पाहिलेला महाराष्ट्र तेथें प्रत्यक्ष भेटतो. वाटेवरील हें दर्शन हाच त्या सहलीचा मोठा भाग होता.

परंतु केवळ सुंदर ठिकाण निवडून भागत नाहीं. पहिला प्रश्न हवेचा. जून ते सप्टेंबर सह्याद्रि ढगांत बुडालेला असतो. त्या चार महिन्यांत लहान विमानास घाट ओलांडणें धोक्याचें. उन्हाळ्यांत दुपारीं तापलेल्या खडकांवरून हवेचे लोट वर चढतात आणि हलकें विमान पाळण्यासारखें हेलकावतें. थंडीच्या पहांटे दऱ्यांत धुकें सांचतें. म्हणून उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, आणि उत्तम वेळ धुकें विरल्यानंतरची सकाळ. दुसरा प्रश्न सूर्याचा. केवळ डोळ्यांच्या आधारें उडणाऱ्यास आपल्या देशांत सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे हवेंत राहण्याची मुभा नाहीं. दुपारचें जेवण कितीहि रंगलें, तरी परतीची घटका टळतां कामा नये. तिसरा प्रश्न इंजिनाचा. एकच इंजिन असलेल्या विमानाचा चालक सतत खालीं पाहात असतो. तें आतां बंद पडलें तर कोठें उतरावें? खंबायतच्या आखातावरून सरळ भावनगरास जाणें नकाशावर सोपें दिसतें, पण खालीं पाणीच पाणी असतें.

चौथा प्रश्न पेट्रोलचा आणि भेटणाऱ्या माणसांचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं कराचीहून मुंबईस पहिली टपाल आणली, तेव्हां वाटेंत अहमदाबादेस विमानाचें पेट्रोल बैलगाडींतून आणलेल्या डब्यांतून भरलें होतें. त्यापूर्वीं १९३० सालीं आगाखान पारितोषिकाच्या शर्यतींत अस्पी इंजिनियर हा तरुण इजिप्तमध्यें अबुकीर येथें इंजिनाच्या प्लगवांचून अडकून पडला होता. समोरून येणारे त्याचे प्रतिस्पर्धी टाटा यांनीं आपल्याजवळचा जादा प्लग त्यास दिला. पारितोषिक अस्पीनें जिंकलें. पुढें तो हिंदी वायुदलाचा प्रमुख झाला. उतरण्याच्या जागीं कोण भेटेल, यावर सहलीचें सुख किती अवलंबून असतें, तें या दोन गोष्टींवरून ध्यानांत यावें.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. हौशी वैमानिक जेथें जेथें उतरला, ती भूमि त्याच्या हौसेकरितां क्वचितच तयार झाली होती. जुहूचें मैदान इतकें सखल, कीं पावसाळ्यांत तेथें पाणी भरे आणि टाटांस आपला टपालाचा संसार पुण्यास हलवावा लागे. तरी टपालामुळेंच त्या जागेचें महत्त्व वाढलें. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं झाला. लोहगांवचा तळ त्याच वर्षीं लष्करी गरजेंतून निघाला. कऱ्हाडची धांवपट्टी १९५५ मध्यें कोयना धरणाच्या कामासाठीं आंखली गेली. टपाल, संस्थान, युद्ध आणि धरण या चौघांनीं जागा केल्या. सहलीस जाणारा त्यांचा पाहुणा झाला.

आणि या चौघांच्याहि आधीं त्या जमिनीस धनी होता. कल्याणजवळील नेवाळीची धांवपट्टी दुसऱ्या महायुद्धांत शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन झाली. युद्ध संपलें, विमानें गेलीं, पण जमिनीचा वाद राहिला; जून २०१७ मध्यें तेथें त्याच प्रश्नावरून उग्र आंदोलन झालें. कोपरखैरण्याच्या रहिवाश्यांस ही व्यथा परकी नाहीं. नव्या मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याकरितां जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत शेतकऱ्यांनीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढा दिला; गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. त्यांतूनच पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. वरून पाहणाऱ्यास सपाट, मोकळी आणि उतरण्यास सोयीची दिसणारी जागा खालच्या माणसाचें पोट असते, हें या प्रदेशाइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

जुहूची पुढील कथा संकोचाची आहे. सांताक्रूझचा मोठा विमानतळ अगदीं शेजारीं उभा राहिला. दोन्ही तळ इतके जवळ, कीं १९५३ सालीं एक ब्रिटिश ‘कॉमेट’ आणि १९७२ सालीं एक जपानी जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूसच उतरलें! मोठ्या विमानांची गर्दी वाढली, भोंवतीं इमारती चढल्या, आणि लहान विमानांस आकाश अपुरें पडूं लागलें. जुहूस हेलिकॉप्टरांचें राज्य झालें. फ्लाइंग क्लबाचें उड्डाणशिक्षण धुळ्यास गेलें. २५ डिसेंबर २०२५ पासून नव्या मुंबईचा विमानतळ प्रवाशांसाठीं खुला झाला. त्यासाठीं उलवे नदीचा प्रवाह वळविला, टेकडी कापली, दहा गांवें हलविलीं. तेथील धांवपट्ट्या शेंकडों माणसें वाहणाऱ्या विमानांसाठीं आहेत. दोघांच्या सहलीचा त्यांत विचार कोठून असणार?

म्हणून आज दिवसाची सहल आंखणाऱ्यानें मुंबईकडे पाठ फिरवून बारामती, कऱ्हाड, धुळें अशा ठिकाणांकडे पाहावें. अंतर दीड-दोन तासांचें असावें. उतरण्याची परवानगी आणि इंधनाची सोय आधीं पक्की असावी. धांवपट्टीपासून गांव जवळ असावें आणि गांवांत पाहण्याजोगें कांहीं असावें. कऱ्हाडास कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे. बारामतीजवळ मयूरेश्वराचें मोरगांव आहे. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आणि त्यांतील कागदपत्रांचा संग्रह आहे. चार तास घालवून समाधानानें परतावें, एवढें वैभव या तिन्ही गांवांत आहे.

शेवटीं एकच सांगावयाचें. पाहुण्यास यजमानाचा विसर पडूं नये. टपालवाल्यानें, संस्थानिकानें, सैनिकानें आणि त्या सर्वांच्या आधीं नांगर धरणाऱ्यानें ती जमीन दिली, किंवा त्यास ती द्यावी लागली. जेथें उतराल त्या गांवाची, ती धांवपट्टी होण्यापूर्वींचीहि, हकीकत विचारून घ्या. ती सांगणारा एखादा वृद्ध अजून धांवपट्टीच्या कडेच्या गांवांत भेटतो, आणि वरून दिसलेल्या प्रदेशाचा अर्थ त्याच्याच तोंडून कळतो.