शिंजीर (सूर्यपक्षी)

नेक्टरिनिइडी कुलातील लहान, बाकदार चोचीचे पक्षी. हुबळी-धारवाडचा पट्टा मलनाडची ओली किनार आणि पूर्वेचे कोरडे माळ यांच्या मध्ये येतो. तिथे उणकल तळ्याच्या परिसरात जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर हे दोन्ही आढळतात. दोघेही जेमतेम दहा सेंटिमीटरचे. विणीचा हंगाम सरला की जांभळ्या शिंजिराच्या नराची झळाळी उतरते आणि पिवळट अंगावर गळ्यापासून खाली एक काळा पट्टा तेवढा उरतो. जांभळ्या पाठीच्या नराचे रंग मात्र वर्षभर टिकतात. अमेरिका खंडांतल्या हमिंगबर्डशी यांचे जवळचे नाते नाही. शिंजीर क्वचित फुलासमोर हवेत तरंगतो, पण रस पितो तो बहुधा देठावर बसूनच.

फुलांतला मध पिणारा पक्षी ही त्याची ओळख खरी असली तरी अपुरी आहे. मकरंद म्हणजे मुख्यतः साखरेचे पाणी. त्यातून उडण्याची ताकद मिळते, पण पिल्लाचे स्नायू आणि पिसे घडवायला लागणारी प्रथिने त्यात नगण्य असतात. ती येतात कीटकांतून आणि कोळ्यांतून, आणि पिल्लांना मुख्यतः हेच भरवले जाते. घरटेही कोळ्यांच्याच जिवावर उभे राहते. मादी गवत, तंतू आणि सालीचे कपटे कोळिष्टकाने बांधून फांदीला लोंबती पिशवी विणते. बाजूला दार, दारावर छोटी पडवी, आणि बाहेरून अळ्यांची विष्ठा व कचरा असा चिकटवलेला की दुरून ते अडकलेले जळमटच वाटावे. कोळ्याचा धागा ताणला जातो, त्यामुळे पिल्ले वाढली तरी पिशवी फाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की पक्षी तर दिवसभर पांगाऱ्यावर, जास्वंदीवर किंवा केळफुलावरच दिसतो. पण फुलावरचा पक्षी नजरेत भरतो. पानाच्या खालून कोळी टिपणारा सहसा दिसत नाही. दिसण्याच्या या फरकावरून आहाराचे प्रमाण ठरवता येणार नाही. चोचीचा बाक आणि नळीसारखी जीभ फुलांसाठीच घडली, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मान्यच करायला हवा. मात्र त्यावरून ऊर्जा कुठून येते एवढेच कळते, वंश कशावर वाढतो हे कळत नाही. फुलझाडांनी भरलेल्या बागेत कीटकनाशकाची फवारणी होत असेल आणि जळमटे झाडून काढली जात असतील, तर शिंजीर तिथे रस प्यायला येईल, पण पिल्लांना भरवायला आणि घरटे विणायला लागणारा ऐवज त्याला दुसरीकडे शोधावा लागेल.