नामावलीतला शिपाई, नामावलीबाहेरचे घर

आपल्याकडे वंशावळी टिकल्या त्या प्रामुख्याने वतनामुळे. इनामाचा वा वतनाचा तंटा उभा राहिला की पिढ्यांचा पुरावा द्यावा लागे. तो दप्तरात जाई आणि तेथेच राही. साध्या शिपायाच्या पिढ्या शोधू लागलो की मात्र हा आधार बहुधा मिळत नाही. मग लष्कराच्या नोंदींकडे वळावे लागते, आणि त्या नोंदी कोणत्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी लिहिल्या गेल्या, हे आधी पाहावे लागते.

1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव येथे झालेल्या लढाईच्या स्मारकस्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या देशी शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील 22 नावांच्या अखेरीस 'नाक' हा प्रत्यय आहे. त्यावरून हे शिपाई महार होते, हे कळते. एका प्रत्ययात जात सापडते. घर मात्र सापडत नाही. पत्नी कोण, मुले किती, मागे राहिलेल्यांचे काय झाले, याविषयी दगड मुका आहे.

हा मुकेपणा सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. मुंबई इलाख्यातील गोऱ्या सैनिकाचा विवाह, त्याच्या अपत्याचा बाप्तिस्मा, त्याचे दफन या गोष्टी चर्चच्या वहीत नोंदल्या जात आणि त्यांच्या प्रती लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. त्याच पलटणींच्या शेजारी लढणाऱ्या हिंदू शिपायाच्या संसाराला अशी वही नव्हती.

म्हणून लष्करी कागद जेथे संपतो तेथे मुलकी कागद हाती घ्यावा लागतो. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे घराणे याचे उत्तम उदाहरण आहे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पण मुलगा जन्मला 14 एप्रिल 1891 रोजी मध्य भारतातील महू या छावणीत. केवळ गावाच्या दप्तरात शोधणाऱ्याला हा जन्म गवसणार नाही. पलटण कोठे होती, हे आधी ठरवावे लागेल. पुढे 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव दिसते. सकपाळ हे आडनाव तेथे नाही. गावाच्या नावावरून आलेले आडनाव आहे. बापाचे नाव हाच काय तो दोन नोंदींना जोडणारा धागा. या मुलाचे चरित्र जगाला ठाऊक असल्याने आपल्याला धागा जुळवता येतो. त्याच छावणीत जन्मलेल्या इतर मुलांच्या बाबतीत आडनावाच्या एवढ्याशा बदलानेही माग तुटतो.

काळ पुढे सरकला म्हणून स्थिती फार सुधारली असे नाही. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. 29 एप्रिल 1916 रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली. मेसोपोटेमियातील मृतांसाठी 1929 साली बसरा येथे स्मारक उघडले गेले. त्यावर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. सामान्य हिंदी शिपायांचे मात्र पलटणीगणिक केवळ आकडे. कोरेगावात निदान नाव तरी मिळाले होते.

साहित्याच्या अभ्यासकांना संहितेतील गाळलेल्या जागा वाचण्याची सवय असते. नामावलीही तशाच वाचाव्यात, असे आम्हांला वाटते. कोणाचे नाव आले याइतकेच, कोणाची नोंद ठेवण्याची गरज त्या राज्याला भासली नाही, हेही त्यांतून कळते. आणि शिपायाच्या घरातील बायका-मुलांचा शोध तेथूनच सुरू करावा लागतो.