ऑर्किडची कुंडी बदलणे

ऑर्किडची कुंडी बदलणे म्हणजे घरी वाढवलेल्या ऑर्किडचे (आमरीचे) जुने माध्यम काढून, मृत मुळे छाटून ते रोप नव्या माध्यमात बसवणे होय. ही क्रिया साधारणतः दोन ते तीन वर्षांनी केली जाते. रायगड जिल्ह्यातील पनवेलसारख्या अतिपावसाच्या ठिकाणी माध्यम लवकर कुजते. त्यामुळे येथे मोठी कुंडी देण्यापेक्षा मुळांना पुन्हा हवा मिळवून देणे हा या क्रियेचा मुख्य हेतू असतो.

मुळांची रचना
डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, व्हँडा व कॅटलिया या लोकप्रिय ऑर्किडच्या मूळ प्रजाती बहुतांशी अपिवनस्पती आहेत. त्या झाडांच्या खोडांवर वाढतात, मात्र त्या झाडांतून अन्न घेत नाहीत. त्यांच्या मुळांवर वेलामेन नावाचे मृत पेशींचे सच्छिद्र आवरण असते. ते पाणी पटकन शोषून घेते. कोरडे मूळ रुपेरी व ओले मूळ हिरवट दिसते. माध्यमाचा भुसा झाला की त्यातील पोकळ्या बुजतात, पाणी साचते आणि हवेअभावी मुळे कुजतात. साध्या बागमातीत ही रोपे टिकत नाहीत, त्याचेही कारण हेच आहे.

योग्य काळ
फुलांचा बहर ओसरल्यावर आणि नवी मुळे फुटू लागताच कुंडी बदलणे हितावह असते. उघड्या गच्चीवरील किंवा सज्जातील रोपांबाबत हे काम पावसाळ्यापूर्वी उरकले जाते. छाटलेल्या मुळांच्या जखमा सततच्या पावसात सडू शकतात. मुळे कुजली असल्यास मात्र ऋतूची वाट न पाहता, फुले असली तरी कुंडी बदलावी लागते.

माध्यम
कोकणात नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा व विटांचे तुकडे सहज मिळतात. सोडणातील क्षार व टॅनिन कमी करण्यासाठी तुकडे पाणी बदलत भिजवले जातात. सोडण ओलावा धरून ठेवते, तर कोळसा व वीट निचरा सुधारतात. त्यामुळे पावसात भिजणाऱ्या रोपांसाठी कोळसा व विटांचे प्रमाण अधिक ठेवले जाते. रोपवाटिकांतील फॅलेनॉप्सिसची रोपे अनेकदा स्फॅग्नम शेवाळात बसवलेली असतात. घट्ट दाबलेले शेवाळ दमट हवेत दीर्घकाळ ओले राहते. व्हँडा बहुधा माध्यमाशिवाय जाळीदार टोपलीत टांगला जातो.

कृती
१. रोप भिजवून मुळे लवचिक करतात व कुंडीतून अलगद काढतात.
२. जुने माध्यम झटकून मुळे धुतात.
३. मऊ, पोकळ व तपकिरी मुळे कापतात. टणक मुळे राखतात.
४. प्रत्येक रोपानंतर कात्री ज्योतीवर तापवतात. सिंबिडियम मोझॅक विषाणू दूषित अवजारांतून पसरतो व त्यावर उपचार नाही.
५. मुळे जेमतेम मावतील एवढीच, तळाशी व बाजूंना छिद्रे असलेली कुंडी घेतात.
६. डेंड्रोबियमसारख्या आडव्या वाढणाऱ्या रोपाची जुनी बाजू कुंडीच्या कडेला ठेवून नव्या फुटव्याला जागा देतात. फॅलेनॉप्सिस मध्यभागी बसवतात.
७. रोप हलू नये म्हणून काठीला बांधतात; हलणाऱ्या रोपाची नवी मुळांची टोके मोडतात.

नंतरची काळजी
जखमा सुकेपर्यंत काही दिवस पाणी बेताने देतात व रोप सावलीत ठेवतात. नव्या मुळांची वाढ दिसेपर्यंत खत देत नाहीत.

वन्य प्रजातींचे संरक्षण
सीतेची वेणी ही सह्याद्री व कोकणातील जंगलांत आढळणारी ऑर्किडची प्रजाती आहे. पनवेल तालुक्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रातून परवानगीशिवाय वनस्पती काढण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. खोडावरून ओरबाडताना मुळे तुटत असल्याने अशी रोपे कुंडीत सहसा जगत नाहीत. घरगुती लागवडीसाठी रोपवाटिकेत वाढवलेली रोपे वापरली जातात.