सही जुळत नाही

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला 'जुळणे' या क्रियापदाची वेगळी शिकवणी लागत नाही. सही जुळत नाही, आधारवरचं नाव पॅनशी जुळत नाही, संध्याकाळी रोकड जुळत नाही, या तीन वाक्यांवर माझा संसार उभा आहे. पण आमच्या पुतण्याला गेम खेळायला भारीपैकी संगणक जुळवायचा आहे आणि तो रोज जे ऐकवतो, त्यापुढे माझी बँक म्हणजे एकोप्याचं माहेरघर वाटते. हा प्रोसेसर घेतला तर तो मदरबोर्ड चालत नाही. तो बोर्ड घेतला तर ही रॅम चालत नाही. आणि सगळं चाललं, तर ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाही! यादीच्या तळाशी रक्कम असते आणि रकमेखाली 'काका'.

मोठी रक्कम दिसली की कॉमर्सवाला आधी जुनी खाती उघडतो. मीही उघडली.

खातं सुरू होतं १२ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या दिवशी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. घाई इतकी, की घरचं काही करायला वेळच नव्हता. प्रोसेसर इंटेलकडून घेतला, डॉस मायक्रोसॉफ्टकडून. वर इतरांनी त्यात बसणारी कार्डं बनवावीत म्हणून आतल्या जोडणीचे सगळे नकाशे पुस्तकात छापून विकले. स्वतःची म्हणावी अशी वस्तू एकच, बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम. त्याचा मजकूरही पुस्तकात होता. पण कॉपीराइटच्या कुलपात.

ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने ते कुलूप न तोडता घरात शिरून दाखवलं. एका गटाने बायोस काय काय काम करतो ते तपासून लिहून काढलं. दुसऱ्या गटाने मूळ मजकूर कधी पाहिलेलाच नव्हता. त्याने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. म्हणजे सही गिरवली नाही, तरी जुळली! आमच्याकडे असं घडलं तर पोलीस येतात. तिकडे १९८३ साली शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसणारा कॉम्पॅकचा संगणक आला आणि तो कायदेशीर होता. पाठोपाठ नकलांची जत्राच भरली.

आयबीएमला या औदार्याचा पश्चात्ताप झाला. १९८७ साली तिने पीएस/२ मालिकेत मायक्रो चॅनेल नावाची नवी खाच आणली. जुनी कार्डं तिच्यात बसत नव्हती आणि दुसऱ्या कुणाला ती वापरायची तर पैसे मोजा. पुढच्याच वर्षी नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डं चालतील अशी आपली वेगळी खाच जाहीर केली. एरवी एकमेकींचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या नऊ कंपन्या! वसुली म्हटलं की शत्रूही शेजारी बसतात, हे आमच्या कर्जविभागाला विचारा. पुढे मायक्रो चॅनेल गेलं ते गेलंच.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स हा आराखडा दिला. बोर्ड किती लांब-रुंद, स्क्रूची छिद्रं कुठे, विजेची जोडणी कशी, सगळं ठरलं. त्यापूर्वी वीज देणारे दोन प्लग शेजारी शेजारी असत आणि अदलाबदल झाली तर बोर्ड जळण्याची भीती. काळ्या तारा काळ्यांशेजारी, एवढा मंत्र लक्षात ठेवायचा.

मग आता भांडण कशाचं? तर कधी विजेचं, कधी विक्रीचं. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही रॅमना टोकं २८८. पण वीज देण्याची रीत निराळी, म्हणून मधली खाच सरकवलेली असते. ती बिचारी आपल्या भल्यासाठी असते. याउलट २०१५ साली इंटेलने ११५१ टोकांचा सॉकेट आणला आणि २०१७ चे नवे प्रोसेसरही ११५१ टोकांचेच काढले. तरी ते जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत असं सांगितलं. नाव तेच, गाव तेच, खातं मात्र नवीन उघडा!

एएमडीनेही मे २०२० मध्ये तोच सूर लावून पाहिला. येणारे प्रोसेसर आधीच्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत, अशी घोषणा केली. गिऱ्हाइकांनी असा गिल्ला केला, की काही दिवसांतच निर्णय फिरला. काउंटरपलीकडून झालेल्या आरडाओरड्याने एखादा नियम बदलल्याचं मी स्वतः कधी पाहिलेलं नाही, म्हणून ही नोंद मी लाल शाईने अधोरेखित केली आहे.

नव्या जोडणीवरही डोळे मिटून विसंबू नये. २०२२ साली एनव्हिडियाचं ४०९० कार्ड आलं. ते एकटंच ४५० वॉट घेणार, म्हणजे जवळजवळ आमचा मिक्सर. त्याचे प्लग काही ठिकाणी वितळले; प्लग पूर्ण आत न बसणं हे एक कारण निघालं आणि पुढच्या वर्षी जोडणीच सुधारून काढली.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी बोर्डाच्या कंपनीने दिलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी वाचावी, कार्डाची लांबी टेपने मोजावी आणि वॉटची बेरीज करून वर शिल्लक ठेवावी. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार 'बसेल हो साहेब' म्हणाला, तरी वाचावी. बाकी यादीत पाच वर्षांनी काय उपयोगी पडेल ते सांगणं कठीण. पण सगळ्यांत कमी भाव खाणारं ते पत्र्याचं कॅबिनेट बहुधा पडेल. १९९५ साली ठरलेल्या त्या छिद्रांत एटीएक्सचा आजचा बोर्डही मुकाट बसतो. त्या नकाशावर कुणी भाडं लावलं नव्हतं ना!