सोनारीच्या वाटेवरची जीप

परंडा तालुक्यातल्या सोनारीला महाराष्ट्र ओळखतो तो काळभैरवनाथामुळे. पुण्या-साताऱ्याकडच्या कितीतरी गावांतले लोक आपला भैरवनाथ मूळचा सोनारीचा असे मानतात आणि चैत्रातल्या यात्रेला येतात. ही माणसे कशी येत, असे विचारले तर प्रत्येक पिढीचे उत्तर वेगळे. पणज्याच्या वेळी बैलगाडी, नाहीतर पाय. आज्याच्या वेळी बार्शी लाइटची छोटी आगगाडी आणि स्टेशनावर उतरल्यावर पुन्हा बैलगाडी. माझ्या चुलत्यांच्या पिढीत मात्र यात्रा म्हणजे जीप. बार्शीकडून, भूमकडून, करमाळ्याकडून जीपा यायच्या आणि धुळीत माखलेली माणसे ‘चांगभलं’ म्हणत खाली उडी टाकायची.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो नावाचे शहर आहे. तिथल्या विलीस-ओव्हरलँड कंपनीने ही गाडी जगाला दिली, हे मी फार पुढे वाचले. त्याआधी जीपचा इतिहास मला घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितला होता. त्यात कंपनीचे नाव कुठेच नव्हते. होत्या त्या वाटा, पाऊस, दुष्काळ आणि माणसे. जीपचा इतिहास पुरा समजायचा तर मला ही दोन्ही टोके लागतात.

आमच्या भागाने अमेरिकी मोटार अगदीच पाहिली नव्हती असे नाही. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला शेवरले गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लायमाउथ मोटारी आणि फार्गो ट्रक तयार करायला घेतले. याच वालचंदांनी तरुणपणी लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर कंत्राटदारीचे पहिले धडे घेतले होते. पण डॉज आणि शेवरले या पक्क्या सडकेच्या गाड्या, सावकाराच्या आणि गिरणीमालकाच्या. आमच्याकडे पक्की सडकच नव्हती, मग ती गाडी येणार कुठून?

आजोबांचा जन्म मोगलाईतला. निजामाच्या राज्याला आमच्याकडची जुनी माणसे मोगलाईच म्हणत. परंडा मोगलाईत, तर बार्शी आणि करमाळा इंग्रजी मुलखात. मधल्या हद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि पलीकडून माल आणायचा तर तिथे जकात भरावी लागे. रझाकारांचा धुमाकूळ वाढला तेव्हा हद्दीवरच्या गावांतली अनेक कुटुंबे बार्शीच्या आश्रयाला गेली. आमचे घरही गेले. 13 सप्टेंबर 1948 ला पोलीस कारवाई सुरू झाली. जनरल जयंतनाथ चौधरींचे सैन्य सोलापूरहून नळदुर्गाकडे सरकले, तुळजापूर घेतले आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या भर पावसातल्या दिवसांत आजोबांनी बार्शीच्या रस्त्यावर पहिली जीप पाहिली.

“वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत. पुढची काच खाली पाडलेली आणि सोजीर घोड्यावर बसल्यागत बसलेले,” आजोबा सांगत. “चिखलात ट्रक रुतला, पण ही गेली.” त्यांच्या लेखी त्या गाडीचा अर्थ सरळ होता. आता घरी जायचे.

ती गाडी युद्धाची लेक होती. अमेरिकी लष्कराने 1940 च्या जुलैत 135 कंपन्यांना पत्रे पाठवून एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी टेहळणी गाडी मागितली. मुदत इतकी कमी की बहुतेकांनी तोंड फिरवले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही बुडत चाललेली छोटी कंपनी पुढे आली. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि 49 दिवसांत, 23 सप्टेंबरला, पहिली गाडी लष्कराच्या तळावर उभी राहिली. पण बँटमला मोठ्या संख्येने गाड्या पुरवणे झेपेल यावर लष्कराचा विश्वास नव्हता. विलीसच्या गाडीत बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेले 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे इंजिन होते आणि ते बँटमपेक्षा बरेच जोरकस होते. मोठे कंत्राट विलीसला मिळाले आणि त्याच नमुन्यावर फोर्डनेही गाड्या काढल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. ज्या बँटमने पहिली गाडी उभी केली, तिच्या वाट्याला पुढे ट्रेलर बनवण्याचे काम आले.

विलीसची स्वतःची कहाणीही चढउतारांची. जॉन नॉर्थ विलीस हा मोटारविक्रेता. त्याने 1908 साली डबघाईला आलेली ओव्हरलँड कंपनी हाती घेतली आणि थोड्याच वर्षांत ती अमेरिकेत फोर्डखालोखाल गाड्या विकू लागली. मग मंदी आली. 1933 साली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 1935 साली विलीस वारला. जीपने त्या कंपनीला पुन्हा उभे केले, पण ते पाहायला तो नव्हता.

मुंबईत जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या भावांनी गुलाम मोहम्मद यांच्यासह 1945 साली पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. कैलासचंद्र युद्धकाळात भारत सरकारच्या खरेदीच्या कामासाठी अमेरिकेत होते आणि तिथे त्यांनी जीप जवळून पाहिली होती. रस्ते नसलेल्या देशाला हीच गाडी हवी हे त्यांनी ओळखले. माझगावात विलीसच्या सुट्या भागांतून जीपा जुळू लागल्या. मग हळूहळू ते भाग इथेच घडू लागले. उंच बॉनेटची जी जीप आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे, ती विलीसची 1953 सालची सीजे-3बी. टोलेडोत ती 1968 साली बंद पडली. मुंबईतून मात्र ती त्यानंतरही कितीतरी वर्षे बाहेर पडत राहिली.

गावात जीप आली ती सरकारची म्हणून. 2 ऑक्टोबर 1952 ला देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, तिला अमेरिकी तांत्रिक मदत होती, आणि विकास गटाच्या अधिकाऱ्याला जीप मिळू लागली. 1962 साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या तेव्हा ‘बीडीओसायबाची जीप’ हा गावच्या बोलण्यातला रोजचा विषय झाला. आजीची जीप वेगळी होती. तिच्या आठवणीत डीडीटी फवारणारी माणसे घेऊन येणारी मलेरियाची जीप होती आणि देवी टोचणाऱ्या बाईची जीप होती. “पोरं आवाज ऐकूनच उसात पळायची,” ती म्हणे. हसून झाल्यावर हिवतापाने गेलेल्या आपल्या धाकट्या दिराचे नाव घेई आणि सांगे, “ती गाडी दहा वर्सं आधी आली असती तर.”

1972 च्या दुष्काळात जीप रोजगार हमीच्या कामावर आली. खडी फोडणाऱ्या बायांमध्ये माझी आई होती. हजेरीपट आणि पगाराची पेटी जीपमधून येई. आई सांगते, सूर्य डोक्यावर आला की सगळ्यांचे डोळे रस्त्यावरच्या धुळीकडे लागत. धूळ उठली म्हणजे पगार आला. त्या वर्षी खाल्लेली मिलो आणि सुकडी याच वाटेने गावात पोचली. विलीसच्या अभियंत्यांनी ही गाडी रणांगणासाठी बांधली होती. माझ्या मुलखात तिने भुकेल्या माणसांपर्यंत पोचण्याचे काम केले, आणि ते मला तिच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठे वाटते.

स्वतःच्या मालकीची जीप आमच्या घरात थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी आणली. सरकारी कचेरीतल्या जुन्या जीपा लिलावात निघत. दोघातिघांनी पैसे घालून त्यांनी अशी एक घेतली. रंग उडालेला, हूड फाटलेले, टायर गुळगुळीत. तात्या पंधरा दिवस बार्शीला मिस्त्रीकडे राहिले आणि गाडी घेऊन आले ते अर्धे मिस्त्री होऊनच. जीपविषयी मत द्यायचा अधिकार या गाडीने त्यांना दिला आणि त्यांची मते मला अजून पाठ आहेत.

त्यांचे पहिले मत असे, की गाडी चांगली की वाईट हे ती बंद पडल्यावर कळते. जीपचे बॉनेट उघडले की सगळे समोर दिसे आणि हाताला लागे. प्लग काढून पुसायचा, डेल्कोचे पॉइंट घासायचे, कार्बोरेटरमधला कचरा फुंकून काढायचा. बॅटरी बसली तर पुढून हँडल मारायचे. एक पाना, एक पक्कड आणि थोडी तार एवढ्यावर माणूस मध्यरात्री रानातून घरी येई. कमानीचा पाटा तुटला तर गावचा लोहार तात्पुरता जोडून देई. दुसरे मत काळ्या मातीविषयी. आमच्याकडची माती पावसात चाकाला लपेटून बसते. तिथे पुढची चाके जोडली, खालचा गिअर टाकला आणि घाई केली नाही, तर जीप निघते. घाई केली तर कुठलीच गाडी निघत नाही.

तिचे दोषही ते लपवत नसत. पेट्रोलची जीप पैसा खाई, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या मालकाला विचारावे. पाटे कडक, त्यामुळे कंबर धरे. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात पाणी थेट अंगावर. स्टिअरिंग जड. मागच्या बाकावरची माणसे एकमेकांसमोर बसत आणि खड्डा आला की एकमेकांवर आदळत. बाळंतीण बाईला त्यातून नेताना तात्या मागे कडब्याचा थर पसरत, वर वाकळ टाकत आणि सारा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काढत. त्या गाडीतून दवाखान्यात वेळेवर पोचलेल्या बायांची मुले आज गावात बाप झालेली आहेत.

डिझेलची जीप आली तेव्हा हिशेब बदलला. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने महिंद्राने इगतपुरीला डिझेल इंजिने बनवायला घेतली. त्या इंजिनांनी जीपला शेतकऱ्याच्या आणि वडापवाल्याच्या आवाक्यात आणले. कमांडर आणि मार्शल ही नावे गावच्या तोंडी बसली. परंडा ते सोनारी, बार्शी ते परंडा, जिथे एसटी दिवसातून एक-दोनदा येई तिथे जीप भरेल तेव्हा सुटे. गावातली पोरे कॉलेजला गेली ती या जीपांत बसून. हे सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहा माणसांच्या जागेत वीस बसली, टपावर बसली, मागे लोंबकळली, आणि कितीतरी घरांत यात्रेचा दिवस दुखवट्याचा झाला. तात्यांनी टपावर कधी माणूस बसवला नाही. मिळकत कमी झाली, त्यांना चालले.

तिकडे अमेरिकेत जीपचे मालक बदलत राहिले. 1953 मध्ये कैसरने विलीस घेतली, 1970 मध्ये ती अमेरिकन मोटर्सकडे गेली, 1987 मध्ये क्रायस्लरकडे. पुढे डेमलर, मग फियाट, आणि 2021 पासून स्टेलँटिस. विलीस कंपनी इतिहासजमा झाली. जीप हा ब्रँड उरला आणि 2017 पासून पुण्याजवळच्या रांजणगावात जीप कंपास तयार होऊ लागली. 2018 साली महिंद्राने जुन्या जीपच्या वळणाची रॉक्सर अमेरिकेतच विकायला काढली, तेव्हा ब्रँडच्या मालकांनी तक्रार केली. 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने मूळ रूपातल्या रॉक्सरच्या विक्रीला बंदी घातली आणि महिंद्राला तिचा चेहरा बदलावा लागला. जीपवर हक्क कोणाचा हा वाद तसा जुनाच. जीप आम्ही निर्माण केली अशी जाहिरात विलीस करत असे. 1948 साली अमेरिकी सरकारच्या आयोगाने तो दावा नाकारला आणि मूळ कल्पनेचे श्रेय बँटमला आणि लष्कराला दिले. तरीही 1950 साली नावाची नोंदणी विलीसलाच मिळाली.

नावाच्या कागदावर कोणाचीही सही असो, या गाडीला साठ-सत्तर वर्षे जगवले ते ती हाताने दुरुस्त करणाऱ्यांनी. बार्शीच्या मिस्त्रीने, परंड्याच्या वेल्डरने, लिलावातली गाडी घेऊन तिच्याखाली आडव्या झालेल्या शेतकऱ्याने. माझ्या मते जीपचा सगळ्यात मोठा गुण हाच, की गरीब मुलखातल्या माणसाला ती समजत होती. आजच्या गाड्या वेगवान आहेत, सुरक्षित आहेत, कंबरेला सुखाच्या आहेत. पण बिघडल्या की मालकाने फोन करून वाट पाहायची. गाडी बनवणाऱ्यांनी जुन्या जीपकडून एवढे तरी घ्यावे : ज्याने पैसे मोजले त्याला आपले यंत्र उघडून पाहता यावे, आणि त्याच्या तालुक्याच्या गावी ते दुरुस्त व्हावे.

आणि वाचकांना एक विनंती. टोलेडोच्या कंपनीवर पुस्तके आहेत. आमच्या वाटांवर तीच गाडी चालवणाऱ्यांवर नाहीत. तुमच्या गावात पंचायत समितीचा जुना चालक असेल, मलेरियाच्या जीपवर काम केलेला माणूस असेल, वडाप चालवून मुले शिकवलेला कोणी असेल, तर त्याच्याजवळ बसा. कोणत्या साली, कोणत्या रस्त्याने, कोणाला घेऊन तो गेला, ते विचारा आणि लिहून ठेवा. ही माणसे आता थोडीच राहिली आहेत.