‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ : विद्यार्थ्यांच्या मनाचा दीडशे वर्षांचा इतिहास

कॉलेजातल्या मुलांबरोबर पालक दवाखान्यात आले की एक वाक्य हमखास ऐकू येतं : “डॉक्टर, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” ‘असलं’ म्हणजे टेन्शन, नैराश्य, पॅनिक अटॅक, समुपदेशन वगैरे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. स्वतः कष्ट करून वर आलेल्या माणसाला मुलाची तक्रार खरोखरच कळत नाही. पण हे वाक्य कानावर पडलं की शेजारी बसलेला मुलगा गप्प होतो. ‘भूक लागते का?’ म्हटलं तर ‘हो’. ‘झोप येते का?’ तरी ‘हो’.

म्हणून आज थोडा इतिहास पाहू. ‘आमच्या वेळी’ खरंच काही नव्हतं का?

जुन्या पदवीधरांचे अकाली मृत्यू

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं. इंग्रजीतून शिकायचं, एकामागून एक परीक्षा द्यायच्या, नापास झालं की पुन्हा बसायचं, ही पद्धत तेव्हापासूनची. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत एक गोष्ट लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागली. शिकलेली, हुशार माणसं फार लवकर जात होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी गेले. कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये चौतिशीच्या आसपास गेले. न्यायमूर्ती तेलंग १८९३ मध्ये ४३ व्या वर्षी, तर आगरकर १८९५ मध्ये ३८ व्या वर्षी.

१८९० च्या दशकात या प्रश्नावर जाहीर चर्चा झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा विषय मांडला. मुंबई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू रा. गो. भांडारकर यांनाही या प्रश्नाची चिंता होती. कारणांबद्दल मात्र एकमत नव्हतं. कुणी परीक्षांचं ओझं आणि परक्या भाषेतून करावा लागणारा अभ्यास याला दोष देत होतं, तर कुणी बालविवाह, गरिबी आणि व्यायामाचा अभाव याला. रानड्यांना हा प्रश्न अनुभवाने ठाऊक होता. तरुणपणी अतिवाचनाने त्यांचे डोळे इतके बिघडले होते की काही महिने त्यांना इतरांकडून वाचून घ्यावं लागलं.

आजच्या वैद्यकीय ज्ञानातून पाहिलं तर त्या मृत्यूंचं मोठं कारण क्षय, विषमज्वर यांसारखे संसर्ग असावेत. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. ती पुढे आली, आणि आपल्या भागात तर पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या रूपाने १९५४ मध्ये दारातच आली. शरीराचे ते आजार आटोक्यात आले, पण अभ्यासाचा मनावर पडणारा भार तसाच राहिला. एवढं मात्र नक्की, की ‘शिक्षणाचं ओझं मुलांना पेलवत नाही’ ही काळजी आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या सर्वोच्च वर्तुळात ती चर्चेला आली होती.

टिळकांचं एक वर्ष, आनंदीबाईंची एक मावशी

टिळक १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. त्यांनी पहिलं वर्ष तालीम, कुस्ती आणि पोहण्यात घालवलं. त्या वर्षी ते परीक्षेत मागे पडले, हे त्यांचे चरित्रकार सांगतात. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांना ‘वायडी’ लागली! पण तब्येत कमावण्यासाठी दिलेल्या त्या वर्षाला ते स्वतः वाया गेलेलं म्हणत नसत. पुढची मंडालेची सहा वर्षं पाहिली की ती गुंतवणूक किती मोलाची होती ते कळतं.

दुसरं उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचं. १८८३ मध्ये १८ वर्षांची ही मुलगी एकटी अमेरिकेला गेली आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागली. थंडी सोसवेना, जेवणाचे हाल, खोली नीट तापत नसे, प्रकृती ढासळत होती आणि अभ्यास चालूच होता. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

आनंदीबाईंची गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. डॉक्टर म्हणून मला तिच्यातली दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी मिसेस कार्पेंटर नावाची बाई होती. आनंदीबाई तिला मावशी म्हणत. आधी पत्रातून आणि मग घरात राहून त्यांनी या बाईशी मन मोकळं केलं. परक्या गावी शिकणाऱ्या मुलीला हक्काचं एक माणूस मिळालं, म्हणूनच ती तीन वर्षं तगून राहिली असं म्हणायला जागा आहे. आज ज्याला आम्ही ‘सामाजिक आधार’ म्हणतो आणि प्रत्येक केसपेपरवर ज्याची चौकशी करतो, तो हाच.

मनाची तक्रार, शरीराची भाषा

मग आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत नैराश्य, चिंता हे शब्द का ऐकू येत नाहीत? कारण ती तक्रार दुसऱ्या नावांनी सांगितली जाई : अशक्तपणा, डोकं जड होणं, छातीत धडधड, ‘धातू जाणं’.

र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या कामामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. त्यात वाचकांचे लैंगिक प्रश्न ते उघडपणे घेत आणि शास्त्राच्या आधारे उत्तर देत. हस्तमैथुनाने शरीराची हानी होते का, हा त्यातला एक प्रश्न. अशाच उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला कर्वे हरले, दंड झाला, पण मासिक त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं.

या प्रश्नाचा मनाशी संबंध असा, की वीर्य गेल्याने शक्ती जाते ही समजूत तरुणाच्या मनात अपराधभाव आणि भीती पेरते. भीतीने झोप उडते, भूक मरते, लक्ष लागत नाही, आणि मग खरोखरच थकवा येतो. १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी या लक्षणसमूहाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्याच वर्षी रेमंड प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञाने नायजेरियातल्या विद्यार्थ्यांमधला ‘ब्रेन फॅग’ वर्णन केला : डोक्यात आग, डोळ्यांसमोर अंधारी, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. जगाच्या दोन टोकांना विद्यार्थी आपलं दुःख शरीराच्या शब्दांत सांगत होते.

आजही हेच चालतं. ॲसिडिटी, डोकेदुखी, धडधड, पोट बिघडणं यासाठी मुलं येतात, रक्ततपासणी आणि ईसीजी नॉर्मल निघतात. ‘काही नाही, मनाचं आहे’ असं सांगून त्यांना परत पाठवणं चुकीचं आहे. मनाचं आहे म्हणजे काहीतरी आहे! ताणात शरीर ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं जास्त सोडतं. त्यांनी नाडी जलद होते, आतड्यांची हालचाल बदलते, झोप उथळ होते. त्रास खरा असतो, त्याचा उगम तेवढा वेगळ्या ठिकाणी असतो.

गर्दचे दिवस

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या तरुणांमध्ये ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, शिरलं. त्यात कॉलेजची मुलंही होती. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं आणि अनेक घरांनी पहिल्यांदाच मान्य केलं, की ‘हे आपल्याही मुलाला होऊ शकतं’. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी तिथल्याच आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून आजार आहे, आणि त्यावर गोळीइतकीच सोबतही लागते, हे मराठी माणसाला मुक्तांगणने शिकवलं.

चार वर्षांनी, १९९० मध्ये, डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी ठाण्यात ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था सुरू केली. मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेर, साध्या इमारतीत, कुणालाही सहज जाता येईल अशी जागा हे तिचं वेगळेपण. २०१२ पासून मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही फोनवरून समुपदेशन देणारी सेवाही आहे.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली का? ही सर्व कामं डॉक्टर, लेखक आणि सेवाभावी मंडळींनी उभी केली. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाने १९१० मध्येच विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्याची सोय केली होती. आपल्याकडे विद्यार्थी कॉलेजात आजारी पडत होता आणि मदत त्याला कॉलेजच्या फाटकाबाहेर शोधावी लागत होती.

ताथवड्याची मुलं

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. इंजिनिअर होण्यासाठी मोजक्या सरकारी जागांवर अवलंबून राहण्याची गरज संपली आणि शहरांच्या कडेला कॉलेजं उभी राहू लागली. मुंबई-बंगळुरू महामार्गालगतचं ताथवडे हे त्याचं ठळक उदाहरण. एकेकाळी शेती आणि पशुसंवर्धन खात्याचं पैदास केंद्र ही या गावाची ओळख. आज इथे अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या संस्था आहेत, शेजारी हिंजवडीचं आयटी पार्क आहे, आणि मध्ये वसतिगृहं, पीजी आणि मेस.

या बदलाने खेड्यातल्या, तालुक्याच्या गावातल्या हजारो घरांत पहिला इंजिनिअर दिला. हे श्रेय मोठं आहे. पण त्याबरोबर ताणाचं एक नवं मिश्रणही आलं : शैक्षणिक कर्ज, घरापासूनचं अंतर, पहिल्यांदाच इंग्रजीतून शिकणं, बॅकलॉग, आणि खिडकीतून दिसणारं आयटी पार्क, जिथे आपलं प्लेसमेंट ‘व्हायलाच हवं’. यातल्या इंग्रजीवर आणि परीक्षांवर तर १८९० च्या दशकातच वाद झाला होता. नवी गोष्ट ही, की गावाकडे वाड्यात, चाळीत आपोआप मिळणारी ‘मावशी’ पीजीच्या खोलीत नसते.

गुन्ह्यापासून हक्कापर्यंत

१८६० च्या भारतीय दंड संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा कलम ३०९ खाली गुन्हा होता. म्हणजे जो सर्वांत जास्त दुःखात, त्याच्याच मागे पोलीस. त्यामुळे घरं असे प्रसंग लपवत आणि उपचार राहून जात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू झाला. त्याने सांगितलं, की अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानावं आणि सरकारने तिला उपचार द्यावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं सरसकट कलम उरलेलं नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२२ चे आकडे आहेत : देशात वर्षभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, आणि परीक्षेतलं अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंमागे नोंदलं गेलं. महाराष्ट्राचा आकडा त्या वर्षी देशात सर्वाधिक होता. परीक्षेचा वाटा साधारण सहापैकी एक इतकाच आहे, हे नीट वाचा. ‘मार्क चांगले आहेत म्हणजे मुलगा ठीक आहे’ हा अंदाज किती कच्चा आहे, ते यातून दिसतं.

या सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. हेल्पलाइनचे क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावायचे आहेत. तेव्हा पालकांनो, प्रवेश घेताना प्लेसमेंटची टक्केवारी विचारता, तसंच ‘समुपदेशक कोण आहेत, कुठे बसतात?’ हेही विचारा. हा आता हक्काचा प्रश्न आहे.

कधी मदत घ्यायची?

• उदासी, चिडचिड किंवा कशातच रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर.
• झोप, भूक, आंघोळ, वर्गात जाणं यांची घडी विस्कटली तर.
• दारू, गांजा किंवा गोळ्यांशिवाय दिवस जात नसेल तर.
• ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, निरोपाची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं दिसलं तर त्याच दिवशी. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका.

मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारायला घाबरू नका. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मुलाला बोलायची वाट मिळते. नैराश्यावरच्या औषधांची सवय लागते हा गैरसमज आहे. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून ती मनाने बंद करू नका. एक वर्ष मागे पडलं तर पडू द्या.

सरकारची ‘टेली मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आजच साठवून द्या, आणि स्वतःच्याही.